टोपीवरचं जनावर

प्रिय खिळ्या,

हाक वाचून चिडू नकोस. आता तू खिळ्या राहिला नसशील, पोटबिट सुटलं असेल, पण तुझा आत्ताचा आकार मला ठाऊक नाही, म्हणून जुनाच धरून चालते. तुझा पत्ता तुझ्या जुन्या छापखान्यातल्या फोरमनकडून काढला. आधी देईना. म्हणाला, त्याने कुणालाच द्यायचा नाही असं सांगितलंय. मग मी त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून विणकाम काढलं. अर्धी बाही होईपर्यंत त्याने दम धरला, मग चिठ्ठीवर लिहून दिला. पत्ता खरा आहे की त्याने मला कटवलंय ते तुलाच माहीत. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकल्याबरोबर तू तो ठेवून देणार आणि मला सांगायचंय ते लांबलचक आहे. पत्र फाडण्याआधी माणूस निदान एकदा उघडून बघतो.

सांगायचंय ते आईबद्दल, आणि आजोबांच्या त्या फोटोबद्दल. घाबरू नकोस, आई चांगली आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर घराची झडती घेतली. पंख्यावरची धूळ, ओट्यामागचा डाग, माझ्या हनुवटीवरचा केस, काही म्हणजे काही सुटलं नाही. मला तोंडावर म्हणाली, अगं, तू केवढी म्हातारी झालीस, मला कुणी सांगितलं कसं नाही? सगळं घर तपासून झाल्यावर तिने कपाटावरचा तो फोटो उतरवला, खिडकीत उजेडात नेला आणि मला हाक मारली. म्हणाली, या माणसाच्या टोपीवर काय आहे ते बघ.

तुला माहीतच आहे, आपल्या घरात आजोबांना आजोबा फक्त तू आणि मी म्हणायचो. आईसाठी ते कायम 'तो माणूस' होते. मोठ्या युद्धावर गेले तेव्हा ती इतकी लहान होती की तिला त्यांचे बूट आठवतात, चेहरा नाही. तिकडून हा एक फोटो आला. एका ट्रकपुढे तीन शिपाई, मधले आजोबा. त्यानंतर काही म्हणजे काही नाही. युद्ध संपलं, लोक परत आले, हे आले नाहीत. आजीचा भाऊ फोटो घेऊन लष्कराच्या कचेरीत गेला. पलटण कुठली ते आजीला कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे दाखवायला हा फोटोच. तिथल्या माणसाने टोपीवरचा बिल्ला बघितला, शेजारच्याला दाखवला, त्यानेही मान हलवली, आणि 'हा आमच्यातला नाही' असं सांगून फोटो परत दिला. मागे रांग दाराबाहेर गेली होती. 'आमच्यातला नाही' हे घरी पोचेपर्यंत 'कुठेतरी दुसरं घर केलं असणार' असं झालं आणि तेच कायम झालं. आजी धड बायको राहिली नाही, धड विधवाही झाली नाही. आई शाळेत पळपुट्याची पोरगी झाली. टोमणे सोडले तर ती सगळं आयुष्य त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आणि आता खिडकीत उभी राहून मला सरळ म्हणाली, मेला की सोडून गेला एवढं मला मरायच्या आत कळलं पाहिजे, आता दिसायला लागलंय तर बघून टाकू.

मी फोटो दुकानातून मोठा करून आणला. तू मला ओळखतोस, आयुष्यभर एक्स-रेच्या सावल्या बघितल्यात, धूसर चित्राला मी भीत नाही. भिंग लावून बसले. बिल्ल्यावर एक चार पायांचं जनावर होतं, कान लांब, पाठीवर काहीतरी लादलेलं, उजवीकडे तोंड करून उभं. खाली एक फीत, फितीवर काही अक्षरं. अक्षरं कसली, तीन ठिपके आणि एक आकडी. आई म्हणाली कुत्रा आहे. मी म्हटलं गाढव आहे. ती म्हणाली, गाढव कोण टोपीवर लावेल? मी म्हटलं, तुझ्या नातलगांचा काय भरवसा? तेव्हा हसली. त्यानंतर बरेच दिवस हसली नाही, आणि त्याला कारण आपला कर्नल.

समोरच्या इमारतीतला कर्नल तू विसरला नसशील. लष्कराच्या गोदामात चादरींचा हिशेब ठेवायचा, पण मिशा अस्सल कर्नलच्या. मीच त्याला बोलावलं, माझीच अक्कल. त्याने फोटो हात लांब करून धरला आणि आधी टोप्यांना नावं ठेवली. म्हणाला, आपल्याकडे टोपी उजव्या कानाकडे कलती घालतात आणि बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर येतो. हे बघा, तिघांच्याही टोप्या डावीकडे. एक चुकला म्हणू, तिघं कसे चुकतील? मग फितीवरची अक्षरं बघितली आणि म्हणाला, ही लिपी आपली नाही. मग त्याने आवाज खाली आणला, म्हणजे त्याच्या हिशेबाने आणला, जिन्यापर्यंत ऐकू गेला असेल. पकडले गेलेले काही लोक शत्रूच्या बाजूने लढले होते म्हणे, असं व्हायचं, वाईट वाटून घेऊ नका. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, चहात साखर किती घालू असं विचारलं, त्याला चहा दिला, दारापर्यंत सोडून आली. मग म्हणाली, म्हणजे नुसता सोडून नाही गेला, जाऊन तिकडे मिळाला. फोटो पालथा करून कपाटावर ठेवला आणि पुरे झालं म्हणाली.

मला आईची फार दया आली. असलं काही मी सहसा लिहीत नाही, पण आली. तिला उत्तर हवं होतं, आणि मी घरात कर्नल बोलावून तिच्या जुन्या दुःखावर नवं चढवलं. आता ती थांब म्हणत होती आणि मला थांबवेना. निदान शत्रूला मिळाल्याचा डाग तरी पुसावा, मग सोडून गेले असतील तर गेले, असं मी मनाशी ठरवलं. आणि नेमकी माझी दाढ दुखायला लागली.

दंतवैद्य नवा होता, बाजाराच्या रस्त्यावर पायऱ्या चढून जावं लागतं तो. तोंडात नळ्या असताना माणसाला बोलता येत नाही, त्यामुळे तोच बोलत होता, आणि बोलता बोलता कळलं की त्याला जुने लष्करी बिल्ले जमवायचा नाद आहे. नळ्या काढल्याबरोबर मी फोटो पुढे केला. त्याने खुर्चीवरचा मोठा दिवा फोटोवर वळवला, बराच वेळ बघितलं, आणि एक खण उघडला. कापसावर ओळीने बिल्ले, उपटलेल्या दातांसारखे. त्यातला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. खेचर! पाठीवर ओझं, लांब कान, खाली फीत. डोंगरात खेचरांवरून दाणागोटा आणि दारूगोळा नेणारी आपलीच एक पलटण होती, तिचा हा बिल्ला. आणि मग आम्ही दोघांनी एकदमच बघितलं की याच्या बिल्ल्यावरचं खेचर डावीकडे बघतंय आणि आमचं उजवीकडे.

आता तू म्हणशील, त्यात काय एवढं. तुला सांगते त्यात काय ते. आमच्या कामात डावं-उजवं म्हणजे देवाचं नाव. प्लेटवर डावं की उजवं ते दाखवणारं शिशाचं अक्षर ठेवल्याशिवाय मी कधी बटण दाबलं नाही. एकदा नव्या मुलीने फिल्म उलटी टांगली आणि सर्जन चांगल्या गुडघ्यावर खूण करायला निघाला होता, तेव्हा मी मारलेली ओरड अजून त्या वॉर्डात सांगतात. दंतवैद्याचंही तेच. त्यांच्या चिमुकल्या फिल्मवर बाजू ओळखायला एक उंचवटा असतो, तो बोटाने चाचपल्याशिवाय हा दाताला हात लावत नाही. असे आम्ही दोघं जन्मभर डाव्याला डावं म्हणत आलेले, एकमेकांकडे बघून गंभीरपणे मान हलवत म्हणालो, छे, हा तो बिल्ला नव्हे. त्याने तर वर तर्कही लढवला की दोन पलटणींनी एकच जनावर घेतलं असेल, गोंधळ नको म्हणून तोंडं उलटसुलट ठेवली असतील. मला ते इतकं पटलं की काय सांगू. त्यानंतर आम्ही दोघं उजवीकडे बघणाऱ्या खेचराच्या मागे लागलो. तो त्याच्या बिल्लेवाल्या मित्रांना विचारत होता, मी वाचनालयात जाडजूड पुस्तकं चाळत होते. उन्हाळा त्यातच गेला. कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही सैन्यात, आपल्या किंवा त्यांच्या, उजवीकडे बघणारं खेचर सापडेना.

थंडी पडली तशी आई बाबांचा जुना तपकिरी स्वेटर घालायला लागली. तिचे स्वतःचे तीन आहेत, पण नाही, तोच. बोटं वळत नाहीत, म्हणून बटणं मी लावून देते. त्या दिवशी सकाळी तिच्यापुढे उभी राहून बटणं लावत होते आणि नेहमीसारखी वैतागले होते, कारण पुरुषांच्या कपड्यांची बटणं उलट्या बाजूला असतात आणि माझी बोटं बायकांच्या कपड्यांना सरावलेली. आईच्या खांद्यामागे कपाटावर फोटो होता. मोलकरणीने धूळ पुसताना सरळ करून ठेवला असणार. माझ्या हातात बाबांचा स्वेटर, समोर आजोबांचा कोट, दोन्ही पुरुषांचे कपडे, आणि पट्ट्या एकमेकींच्या विरुद्ध. आजोबांचा कोट बायकांसारखा लागलेला होता. शेजारच्या दोघांचाही तसाच.

मी आईला अर्ध्या बटणांवर सोडून फोटो घेतला आणि न्हाणीघरातल्या आरशापुढे धरला. आरशात कोट सुधारला. टोप्या उजव्या कानाकडे आल्या, बिल्ला डाव्या डोळ्यावर गेला, खेचराने तोंड फिरवलं आणि कर्नलची परकी लिपी शहाण्यासारखी आपली झाली. फोटोच उलटा छापलेला होता, खिळ्या! छावणीजवळच्या कुठल्यातरी फोटोवाल्याने, पुढे शिपायांची रांग आणि हाताखाली माणूस नसेल, घाईत निगेटिव्ह पालथी ठेवली, बस. मी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर इतरांच्या उलट्या फिल्म पकडल्या आणि घरातली समोर होती तर मी तिच्यापुढे बसून उजवीकडे बघणारी खेचरं शोधत होते. दंतवैद्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, आपण दोघांनी आपापली सर्टिफिकेटं परत करू या.

पण त्या आरशात मला आणखी एक दिसलं, ते दंतवैद्याला नाही सांगितलं. तू आजोबांवर गेलास असं लहानपणापासून ऐकलं होतं. शाळा बुडवलीस, त्या माणसावर गेला. पोहायला गेलास आणि जेवायला आला नाहीस, त्या माणसावर गेला. नोकरी सोडलीस तेव्हा तर बोलायलाच नको. मला स्वतःला कधी फोटोत तू दिसला नव्हतास, मी म्हणायचे उगाच काहीतरी. आरशात दिसलास. ती एक वर चढलेली भुवई, तोंडाचा तो एका बाजूचा कोपरा, आता काहीतरी चावट बोलणार असा. मी नळ सोडून तशीच उभी राहिले. मला तुझी इतकी आठवण आली की राग आला.

पुढचं लवकर झालं. ती पलटण केव्हाच मोडली, पण त्यातल्या लोकांच्या मुलानातवंडांची एक संघटना आहे. एक निवृत्त शाळामास्तरीण ती सांभाळते, तिचे वडीलही खेचरांबरोबरच होते. मी आजोबांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, थांबा हं, आणि मी तिच्या घरातला कुकर ऐकत थांबले. परत आली आणि म्हणाली, आहेत, तुमचे आजोबा आमच्याकडे आहेत. तापाने गेले, खिळ्या. युद्ध संपायच्या आधी, डोंगरातल्या तंबूच्या इस्पितळात. शौर्य नाही, पदक नाही, साधा ताप. तार पाठवली होती, पण तोवर आजी भाड्याचं घर सोडून भावाकडे गेली होती, तार परत गेली. आणि भाऊ विचारायला गेला तेव्हा हातात हा उलटा फोटो. तिथे दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, इतकी वर्षं आहे. मास्तरीणबाई म्हणाल्या, दरवर्षी आम्ही दगड धुतो, त्यांच्याकडचं कुणी कधी आलं नाही म्हणून आम्हालाच वाईट वाटायचं.

आई वाटाणे सोलत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, कोट, आरसा, ताप, तार, दगड. सोलणं थांबलं नाही. तापाने? म्हणाली. हो म्हटलं. जवळ कुणी होतं का? मी म्हटलं ते नाही माहीत. असेल कुणीतरी, असं म्हणून तिने वाटाणे धुवायला टाकले. मला वाटलं झालं, हिने पचवलं. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर पलंगावर फोटो छातीशी धरून बसलेली, आणि मोठमोठ्याने रडत होती. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. माझे वडील, माझे वडील, असं म्हणत होती. ऐंशी वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या गं, म्हणाली, आणि ते बिचारे तिथे एकटे पडलेले. मी पाठीवरून हात फिरवत बसले. दुसरं काय करणार? माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

त्यानंतर आठवड्याने, काल सकाळी, ती म्हणाली, त्याला लिही. कुणाला, असं मी उगाचच विचारलं. तू गेलास त्या दिवशी मी जिन्यात होते, मी ऐकलं होतं ती दारातून तुला काय म्हणाली ते. जा, तुझ्या रक्तातच आहे ते, सोडून जाणाऱ्याचाच वंश तुझा, जा आणि त्याच्यासारखाच परत येऊ नकोस. तू उलट बोलला नाहीस, बॅग उचललीस आणि तिचं ऐकलंस, आजतागायत ऐकतोयस. आम्ही दोघी एका घरात राहून त्यावर कधी बोललो नाही. काल ती बोलली. स्वतः लिहायला बसली होती, पण पेन धरवत नाही, म्हणून माझ्याकडून लिहवून घेतेय, आणि शब्द बदलायचे नाहीत अशी ताकीद आहे. तर लिहिते. ‘मी बोलले ते खोटं होतं. रक्तात तसलं काही नव्हतं, त्यांच्याही नाही, तुझ्याही नाही. मला माफ कर. माझे वडील आले नाहीत कारण त्यांना येता आलं नाही. तुला येता येतंय. राहायचं नसेल तर राहू नकोस. बस, जेव, माझ्याशी भांड आणि जा, पण ये.’ तिचं एवढंच. माझं असं, की काल दुपारपासून ती दर थोड्या वेळाने उठून दारापर्यंत जाऊन येते. मी सांगितलं, अगं बाई, पत्र अजून टाकलंसुद्धा नाही. तरी जाते. तिचे गुडघे दुखतात रे, लवकर ये.

तुझ्यावर अजून रागावलेली आणि तुझीच,
ताई